जेरार्ड कॅरॅव्हॅनचा विमा उतरवतो

चोर्ली, लँकाशर
२३ मे

प्रिय ॲगथा,

तुझ्या नव्या कवळीला माझा मनापासून नमस्कार, आणि तिच्यामागे जी बाई आहे तिलाही. कवळी नीट बसली का? फोनवर म्हणत होतीस की चर्चमध्ये स्तोत्रं म्हणताना ती तुझ्या अर्धी ओळ मागे असते. कोंबड्या अंडी देतायत, की अजून रुसलेल्याच आहेत? आम्ही दोघं इकडे बरे आहोत. (पत्राच्या सुरुवातीला हे लिहायचंच असतं असं सिस्टर कॉलम्बाने शाळेत आपल्याला पट्टीच्या जोरावर शिकवलं, म्हणून लिहिलं. कितपत खरं आहे ते पुढे वाचून तूच ठरव.) जेरार्ड तुझा सख्खा भाऊ आहे हे मी विसरलेले नाही, पण पुढची काही पानं तू तेवढं विसर, म्हणजे मला मोकळेपणाने लिहिता येईल.

तर नणंदबाई, गेले सहा आठवडे तुझा भाऊ आमच्या कॅरॅव्हॅनचा, त्या गाडीमागे ओढायच्या खोलीचा, विमा उतरवतो आहे. एप्रिलमध्ये जुन्या कंपनीचं पत्र आलं की वीस वर्षांवरच्या कॅरॅव्हॅनचा विमा आम्ही यापुढे घेणार नाही, आपल्या दीर्घ सहवासाबद्दल आभार. आमची कॅरॅव्हॅन बावीस वर्षांची आहे. वयाच्या मानाने चांगली आहे. एका कोपऱ्यातून गळते, दार लावताना कण्हते, पण या वयात आपल्यापैकी कोण गळत नाही आणि कण्हत नाही? एरवी मी म्हटलं असतं, नाही विमा तर नाही. पण अँगलसी बेटावरच्या प्रोबर्टबाईंनी यंदा नवा नियम काढला आहे. गेल्या वर्षी कुणाच्या तरी कॅरॅव्हॅनपुढचा तंबू वाऱ्याने उडाला आणि त्यांच्या टोमॅटोच्या काचघरात जाऊन बसला. तेव्हापासून विम्याचा कागद दाखवल्याशिवाय त्यांच्या शेतात कॅरॅव्हॅन लावू देत नाहीत. कागद एक जूनच्या आत पोचला नाही, तर भिंतीकडेची आमची जागा स्टोकच्या त्या जोडप्याला जाणार. ते दोघं अकरा वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून आहेत. आमच्यातलं कुणी खोकलं की आशेने बघतात.

ती जागा तुला आठवते ना? एकतीस वर्षं, दर जूनला पंधरा दिवस. दगडी भिंतीमुळे वारा अडतो आणि समुद्र तेवढा दिसतो. आमची लेक रोझलीन त्या गवतावर पहिलं पाऊल टाकायला गेली आणि मेंढीच्या लेंड्यांत बसली. तुझ्या आईने शेवटच्या वर्षी तिथेच खुर्चीत बसून शिंपल्यांवर व्हिनेगर ओतत सांगितलं होतं की स्वर्ग याहून बरा असेल असं तिला वाटत नाही, कारण तिथे शिंपले मिळणार नाहीत. (हे फादर डोलनना सांगू नकोस. त्यांनी तिच्या अंत्यविधीत नेमकं उलटं सांगितलं.) जागा गेली तर परत मिळायची नाही. प्रोबर्टबाईंची यादी पोपच्या निवडणुकीहून हळू सरकते.

एवढं सगळं पणाला लागलेलं असताना माणूस काय करेल? पहिला स्वस्त आणि बरा विमा घेईल आणि चहा टाकेल. पण तुझा भाऊ पस्तीस वर्षं वजनमापं खात्यात होता. लोकांच्या तराजूखाली बोट घालून बघण्यात त्याचा जन्म गेला. तो रोज सकाळी नाश्त्याला एकेका कंपनीचे कागद माझ्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "व्हेरा, वाच बरं. तुझं वाचन कॉन्व्हेंटचं आहे." आणि मी मूर्ख बाई खूश होऊन मोठ्याने वाचायची. ॲगथा, मी 'शृंखलित चाके' आणि 'नैसर्गिक झीज' हे शब्द इतक्या भावनेने वाचलेत की शेजारची पामेला कुंपणापाशी थांबून ऐकायची. सगळं ऐकून झालं की हा टोस्ट चावत एक खोट काढायचा. पहिली कंपनी स्वस्त होती, पण तिच्यात उंदीर नव्हते. म्हणजे उंदरांनी केलेलं नुकसान धरलेलं नव्हतं. "आपल्याकडे उंदीर नाहीत," मी म्हणाले. "विमा नाही म्हटल्यावर येतील," तो म्हणाला. दुसरीत उंदीर होते, पण ओल नव्हती. तिसरी म्हणे जुन्याच्या बदल्यात कोरी करकरीत कॅरॅव्हॅन देते, पण पाच वर्षांच्या आतली असेल तरच. (जुन्याच्या बदल्यात नवं देणारी कंपनी नवऱ्यांच्या बाबतीतही असायला हवी होती. पण तिथेही वयाची अट आडवी आली असती.) त्या कंपनीचा माणूस म्हणाला, तुमच्या कॅरॅव्हॅनची आजची बाजारातली किंमत धरू, आणि त्याने आकडा सांगितला. जेरार्डने फोन असा ठेवला की जणू त्याने माझीच किंमत केली.

चौथी कंपनी कुलपांवर सूट देत होती. मग कुलपं आली. चाकाला घालायचा तो पिवळा खोडा, गाडीला जिथे जोडतात त्या जोडाचं कुलूप, चारी पायांना चार, आणि वर कुणी दाराला हात लावला की बोंबलणारा भोंगा. आता दारात ही अशी कॅरॅव्हॅन उभी आहे की जणू तिनेच कुणाचा तरी खून केलाय. भोंगा बसवला त्याच आठवड्यात फादर डोलन दरवर्षीप्रमाणे तिच्यावर पवित्र पाणी शिंपडायला आले. प्रार्थनेच्या मध्यात त्यांचा तोल गेला आणि ते दाराला टेकले. पुढची प्रार्थना त्यांनी किंचाळत म्हटली. सगळी गल्ली बाहेर आली. पामेलाचा कुत्रा तर अजून फादरना बघून पलंगाखाली जातो. एवढं होऊन जेरार्डने त्या कंपनीला फोन करून विचारलं की कॅरॅव्हॅनला आशीर्वाद मिळालेला असेल तर हप्त्यात काही कमी होईल का. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "आशीर्वाद कुठल्या कंपनीचा आहे?" तीही कंपनी बाद झाली. कारण काय, तर माणूस उद्धट होता.

पाचव्या कंपनीत काय खोट निघाली ते मला आठवत नाही. सहाव्या कंपनीला फोन मीच केला, जेरार्ड पायी प्रार्थनेला गेला असताना. (मार्चपासून तो सगळीकडे पायी जातो. गाडीची बॅटरी बसलीय म्हणतो, आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.) बोल्टनची झैनब नावाची मुलगी होती. इतकी गोड बोलली की मी तिला गळणाऱ्या कोपऱ्याचंही सांगून टाकलं. तिने हसून ते लिहून घेतलं आणि तरीही दर परवडेल असाच सांगितला. म्हणाली, दाव्याचा फोन दुसऱ्या कुणी नाही, आमच्या बोल्टनच्या माणसांनीच उचलायचा असा नियम आहे. तिला फक्त आतल्या सामानाची यादी हवी होती, काय काय आहे आणि काय किमतीचं.

म्हणून मी वही घेऊन आत गेले. भोंगा बंद करायला शिकले आहे. ॲगथा, अशी यादी करू नये कुणी. किटली, बारा पौंड. बिस्किटांचा डबा, तळाशी अजून अँगलसीची वाळू आहे, त्याचे काय लावायचे? रोझलीनची लाल छत्री, जिच्या काड्या मोडल्यात आणि जी टाकून द्यायची हे आम्ही दर वर्षी ठरवतो. मी अर्धा तास वाळूची किंमत ठरवत बसले. मग चमच्यांचा खण काढला, चमचे मोजले, आणि खणात अंथरलेला कागद वर आलेला दिसला म्हणून नीट करायला गेले. त्याच्याखाली एक पत्र होतं.

डोळ्यांच्या हॉस्पिटलचं होतं, मार्चचं. श्री. जेरार्ड ऑर्मरॉड यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, तो सुधारण्यासारखा नाही, त्यांनी यापुढे गाडी चालवू नये आणि परवान्याच्या कार्यालयाला तसं कळवावं.

मी त्या अरुंद बाकावर बसून राहिले. एकेक गोष्ट येऊन माझ्या मांडीवर बसली. बॅटरी. पायी प्रार्थना. "व्हेरा, वाच बरं." आणि सहा आठवडे चाललेला तो छळ! विमा ठरेपर्यंत जायचा दिवस ठरत नाही, आणि दिवस ठरेपर्यंत कुणाला काही सांगावं लागत नाही. त्या बिचाऱ्या कंपन्यांना उगाच शिव्या बसल्या. उंदरांचाही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी झैनबचे कागद घेऊन बसले. तेरा कलमं जशी होती तशी वाचली. मग म्हणाले, "कलम चौदा. वाहनमालकाने डोळ्यांच्या हॉस्पिटलचं पत्र चमच्यांच्या खणात लपवलं असल्यास, आणि सदर बाब बायकोला कळवली नसल्यास, कसलीही भरपाई मिळणार नाही." (पहिल्या कम्युनियननंतरचं माझं हे पहिलं धडधडीत खोटं. शनिवारी पापांची कबुली द्यायला गेले तेव्हा फादरना सांगून आले. त्यांना हसू आवरेना, म्हणून शिक्षेला फक्त एकच प्रार्थना मिळाली.)

जेरार्ड बराच वेळ चावत राहिला. टोस्ट केव्हाच संपला होता.

"हे कलम सगळ्याच कंपन्यांत असतं का?"

"सगळ्यांत. सहाच्या सहा बघितल्या."

"मी खात्यात असतो तर हरकत घेतली असती," तो म्हणाला. "बायकोची व्याख्या दिलेली नाही."

"व्याख्या समोर बसलीय. दिसतेय का?"

"कडेकडेने दिसते," तो म्हणाला. "कान दिसतात. केस दिसतात. मधे डाग आहे."

"तसंही सेहेचाळीस वर्षांत तू माझ्याकडे कधी बघितलंस?"

"बघायचो की. तू दुसरीकडे बघत असायचीस तेव्हा."

मी त्याच्या भरलेल्या कपात आणखी चहा ओतला. बशी भरली, टेबलक्लॉथ भिजला. मग त्याने सगळं सांगितलं. एक जून उलटला असता, जागा स्टोकवाल्यांना गेली असती आणि दोष विमा कंपन्यांवर गेला असता, त्याच्या डोळ्यांवर नाही, असा तो हिशेब होता. "एकतीस वर्षं तुला तिकडे मी नेलं," तो म्हणाला. "नेता येत नाही, हे कसं सांगायचं?" मी म्हणाले, नेलंस खरं, पण दर वर्षी चेस्टरला चुकीच्या रस्त्याला लागून. मग आम्ही दोघांनी मिळून परवान्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. मी लिहिलं, त्याने खाली सही केली, जरा तिरकी.

विमा झैनबकडेच घेतला. उंदीर, वारा, चोरी, आणि शेजारच्याचं काचघर, सगळं त्यात आहे. वाळू मी यादीत घातली नाही. कागद प्रोबर्टबाईंना पोचला आणि जागा राहिली. तेवढी बातमी तुला द्यावी म्हणून हे पत्र. कोंबड्यांना धान्य आणि तुला प्रेम.

तुझीच,
व्हेरोनिका

ता. क. झैनबने शेवटी एक प्रश्न विचारला होता, तो वर लिहायचा राहिला. कॅरॅव्हॅन ओढणार कोण? जो ओढेल त्याचं नाव गाडीच्या विम्यात हवं. मला गाडी येत नाही, हे तुला माहीत आहे. चौथ्या परीक्षेनंतर त्या परीक्षकाने खातंच बदलून घेतलं. तू मात्र बावीस वर्षं कंब्रियाच्या बोळांतून फिरत्या वाचनालयाची बस चालवलीस, आणि एकदाही पुस्तक फळीवरून पडलं नाही म्हणतेस. चौदा जूनला निघायचं आहे. बारा तारखेपर्यंत आलीस तर बरं.

ता. क. २. गाडीच्या विम्यात तुझं नाव कालच घातलं. रागावू नकोस. त्यांनी वय विचारलं आणि मी खरं सांगितलं. शाळेत एका बाकावर बसणाऱ्या दोघींपैकी मी एकाहत्तर आणि तू चौसष्ट कशी, हे मी तुला कधी विचारलेलं नाही, पण विमा कंपनीला अशा गोष्टी समजावून सांगता येत नाहीत. कागद माझ्या कपाटात आहे. तू आलीस तर तिथेच राहील. तू ज्यांना चौसष्ट सांगितलंस त्या तुमच्या गायनमंडळातल्या मिस्टर हेस्केथना मी एरवीही पत्र लिहीत नाही.

ता. क. ३. ॲगी, हिचं ऐकू नकोस, वय कुणालाही कळणार नाही. यायचं असेल तर ये. वळणावर मोठा वळसा घे, मागच्या डब्याला आतली बाजू कापायची खोड आहे. मला पुढच्या सीटवर बसू दे. मी एक अक्षर बोलणार नाही. – जेरार्ड

ता. क. ४. वरचं त्याने मी स्वयंपाकघरात असताना लिहिलं. ओळी घसरल्यात, पण वाचता येतंय. बोलेल. चोर्लीपासून होलीहेडच्या रस्त्यापर्यंत बोलेल. तू फक्त हो हो म्हण, आणि तुला हवी तशी चालव.