मॅटखालचा पत्रा

मंगळवार, संध्याकाळी सात

गाडीला पंधरा वर्षं झाली, पुढच्या आठवड्यात पासिंग आहे. दाराला पोचे आलेत, तेवढे काढून घ्यावेत म्हणून बिबवेवाडीला जाधवांच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी सुमनच्या सीटपुढची रबरी मॅट उचलली आणि म्हणाले, "काका, जरा इकडे या." मॅटखालचं कार्पेट कुजून गेलेलं, आणि त्याखाली पत्राच नव्हता. गंजून गळून गेलेला. थेट गॅरेजची फरशी दिसत होती, फरशीवर पडलेला नटसुद्धा.

ती मॅट मीच घातली होती, आतलं नवंकोरं कार्पेट खराब होऊ नये म्हणून. दर रविवारी गाडी धुतली, मॅट वरूनच पुसली. उचलली कधीच नाही. का नाही उचलली?

वर्षभर सुमन सांगत होती, "अहो, पायाला गार वारा लागतो." मी काय म्हणायचो? "मग एसी लावायला नको." परवाच लोणी काळभोरला जाऊन आलो. हायवेवर ऐंशीचा वेग, आणि बायकोच्या पायाखाली नुसती मॅट.

जाधव नवा पत्रा वेल्ड करून देणार आहेत. घरी येऊन सुमनला सगळं सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता मान वर केली.

"म्हणजे वारा येत होता तर."