खरवडलेल्या ओळी

२ डिसेंबर, गुंद
आलो बाबा एकदाचा! गावच्या देवळाची पूजा बघणाऱ्या येसाजीचं हे पुढचं घर मला भाड्याने मिळालं आहे. मागे सुपारीची बाग, समोर कापून झालेलं भाताचं रान, आणि कशाची घाई नाही. लेक सुमंगला बेळगावात कुरकुरत होती की सत्तरी उलटल्यावर जंगलात कोण जातं. मी म्हटलं, ऋषी जातात. येसाजीची बायको फुला मला जेवण देणार आहे. आज कुळथाची पिठी आणि भात होता. जेवता जेवता मी तिला चौथीतली पावसाची कविता चालीवर म्हणून दाखवली. ती म्हणाली, "अज्जा, शाळंची घंटा वाजली न्हाई व्हय अजून तुमची?"

४ डिसेंबर
काम सुरू केलं. सुरियानी ही केरळातल्या जुन्या ख्रिस्ती प्रार्थनांची भाषा, आणि माझं आयुष्य तिच्यातच गेलं. कोट्टयमचे माझे गुरू जाताना मला एक चर्मपत्र देऊन गेले. पूर्वी कातडं दुर्मीळ, म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावरच नवा लिहीत. इथे वर एक स्तोत्र आहे. खालच्या पुसट, तपकिरी ओळी तिरप्या उन्हात धरल्या की उमटतात. या लिपीत स्वर फारसे लिहीत नाहीत. म्हणून अडलेला शब्द आम्ही मोठ्याने म्हणतो, तोंडात घोळवतो. जिभेवर बसला की कळतो.

७ डिसेंबर
सुटल्या ओळी! अशा पोथ्या उतरवणारे लेखनिक शेवटी बहुधा लिहीत, की वाचका, या पाप्यासाठी प्रार्थना कर. हा वेगळंच मागतो. 'मला खरवडून टाकतील. मला मोठ्याने म्हण. मला राहायला जागा दे.' केवढा एकटा असेल तो! दिवसभर अंगणात फेऱ्या घालत म्हटलं मी त्याला, शाळेतल्या पाठांतरासारखं, हातावर ताल धरून. किती दिवसांनी इतका आनंद झाला.

१० डिसेंबर
फुलाने आज पावसाची कविता पुन्हा म्हणायला सांगितली. चाल आली, शब्द आले नाहीत. दुसरी घेतली, तीही तशीच. वय झालं, दुसरं काय. चर्मपत्रावरच्या खालच्या ओळी मात्र आता काळ्याभोर झाल्या आहेत. उन्हाची गरज उरलेली नाही.

१३ डिसेंबर
सकाळी फुलाकडे मीठ मागितलं. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. पुन्हा मागितलं. म्हणाली, "काय बोलतासा अज्जा? कानडी बी न्हवं, कोकणी बी न्हवं."
मी मराठीच बोलत होतो. माझ्या कानांना तरी मराठीच ऐकू येत होती.
टेकडीवर जाऊन, रेंज मिळाल्यावर सुमंगलाला फोन केला. ती हसायलाच लागली. लहानपणी मी तिला गमतीने सुरियानीत रागवायचो, ते तिला आठवलं. "बाबा, पुरे आता. मराठीत बोला की."
मी सांगत होतो, मला इथून घेऊन जा. फोन बटणांचा आहे, मेसेज मला कधी जमलेच नाहीत.

१५ डिसेंबर
हात अजून माझा आहे. चिठ्ठी लिहिली, की ते कातडं जाळा आणि मला बेळगावला पोचवा. येसाजीची शाळा कानडी, मराठी अक्षर त्याला लागत नाही. त्याने चिठ्ठी कपाळाला लावली, हळदकुंकू वाहिलं आणि देवळात नेऊन ठेवली. माझ्या अंगात देवाचा भार आलाय म्हणतो. चर्मपत्र चुलीत घालायला गेलो, तर फुलाने हात धरला. किती मायेने धरला. आता तेही देवळात.

१८ डिसेंबर
अंगण भरलं आहे. पार दिग्गी गावाहून माणसं चालत आली. मी हात जोडून विनवतो, तेही हात जोडतात. मी रडलो, बायका रडल्या. नको म्हणून मान हलवली — देव डोलला म्हणाले.

२० डिसेंबर
फुलाने सुमंगलाला फोनवर 'येऊन जावा' एवढंच कळवलं. ती उद्या येते आहे. म्हणून येसाजीने कौल लावला. मूर्तीला ओली फुलं चिकटवतात, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. अज्जाला लेकीबरोबर धाडावं का? मी ओरडत होतो, धाडा, धाडा मला —
डावं पडलं.
येसाजीने माझे पाय धरले. "तुमास्नी बी जायचं न्हाई, अज्जा. एवढं वरडून सांगतासा न्हवं."

२१ डिसेंबर
दाराला बाहेरून कडी. कडीवर झेंडूची माळ घातली, फटीतून दिसते.
गाडी. तिचीच. येसाजी सांगतो आहे, अज्जा नंदिगड्ड्याला गेल्यात, परतायचं काय ठरलं न्हाई —
मी हाक मारली. जीव तोडून मारली. ती थबकली.
"आत कोण आहे?"
माझा आवाज तिने ओळखला नाही. म्हणजे आवाजही आता —
"देव हाय ताई. लांबनंच नमस्कार करा."
तिने केला. बांगड्या वाजल्या.
लिहायला हवं. दाराखालून सरकवता येईल. पण हात कागदाच्या उजव्या कडेला जातो आहे. सुरियानी तिकडून सुरू होते. दुसऱ्या हाताने मनगट धरून डावीकडे ओढतो आहे — ओढतो —
सुमंगला, बाळ, मी आ