कार्डिफचे पेढे

२३ मार्च, रविवार
सई ग्लासगोहून परतली. ऑफर दिलेल्या मुलांना तिथल्या मेडिकल कॉलेजने बोलावलं होतं. दारातून आत येतानाच बडबड सुरू. अ‍ॅनाटॉमीची लॅब, एक प्रोफेसरबाई, पाऊस, चिप्स. बूट काढायचंही भान नाही. कार्डिफचं कॉलेज बघून आली तेव्हा "नाइस होतं" म्हणून सरळ वर गेली होती.
आणि मी विचारलं काय, तर "तिथून घरी यायला किती वेळ लागतो गं?"
चेहरा पडला पोरीचा. गाढव आहे मी.

२६ मार्च
कार्डिफ की ग्लासगो. डोकं उठलंय. अनिल दोन्ही बाजूंनी बोलतो, म्हणजे नवरा म्हणून नेहमीसारखाच उपयोग.
कार्डिफहून नंदाताईंचा फोन. अनिलची मोठी बहीण, त्यामुळे हक्काने बोलतात. "माझ्याकडे राहील गं. डबा मी देईन. एवढ्या लांब कशाला पाठवतेस पोरीला?" खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.
सईला म्हटलं, "तुला हवं ते कर." हे वाक्य माझ्या आईचं. त्याचा खरा अर्थ मला कॉलेजात असताना पक्का ठाऊक होता. सईचं मराठी यथातथाच, तिला काय कळणार, असं धरून चालले.

३० मार्च, पाडवा
संध्याकाळी वेम्बलीच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम. ईलिंग रोडवरून पेढे घेतले होते. ऑफर आल्या एवढंच सांगायचं होतं. दारातच गोखलेबाई. "मग, सईचं काय ठरलं?" त्यांचा मुलगा मेडिकललाच, अजून वेटिंगवर. तोंडातून निघून गेलं, "कार्डिफ!" पुढे वाटता वाटता सगळेच पेढे कार्डिफचे झाले. कोणाचा भाचा तिथे, कोणाची सून तिथल्या हॉस्पिटलात. सई वाकून नमस्कार करत होती, "थँक यू काका, थँक यू काकू." माझ्याकडे एकदाच बघितलं.
गाडीत कानात इअरफोन. मी रेडिओ लावला. बोलायला हवं होतं.

१ एप्रिल
टोस्टला लोणी लावता लावता म्हणाली, "आई, मी कार्डिफ फर्म केला. ग्लासगो डिक्लाइन. डन."
"अगं, जूनपर्यंत वेळ होता ना?"
"एव्हरीवन नोज, आई. तू सगळ्यांना सांगितलास. आता चेंज केलं तर तुलाच ऑकवर्ड होणार."
चिडली असती तर परवडलं असतं. ती माझी लाज राखत होती. ऑफिसची मीटिंग कॅमेरा बंद करून रडत काढली.

५ एप्रिल
नंदाताईंनी खोली रंगवायला काढली. फोटो आला, फिकट गुलाबी. सईने उलट लाल बदाम पाठवला. मग वर जाऊन चॅरिटी शॉपला द्यायच्या ढिगात ग्लासगोच्या कॉलेजची कापडी पिशवी टाकली. मी गुपचूप काढून घेतली. आता तिचं काय करू, कळत नाही.

८ एप्रिल
शेवटी अनिलपाशी सगळं ओकले. तो शांतपणे म्हणाला, "बदलता येतं. ठरवल्यापासून दोन आठवड्यांत, एकदाच. अ‍ॅडमिशनच्या ऑफिसला फोन करायचा." शाळेतल्या करिअरच्या सरांना याने कधीच विचारून ठेवलं होतं!
"मग बोलला का नाहीस?"
"तू इतकी खूश होतीस."
म्हणजे हाही. घरातली दोघं माझी खुशी सांभाळत बसलीत आणि मी समजत होते, मी कुणाकडे कधी काही मागत नाही. ग्लासगोहून पोर कशी आली होती त्या दिवशी, बुटांसकट...

११ एप्रिल
आज बोलले. "सई, बदल. ग्लासगो घे. मंडळात मी सांगेन, नंदाआत्यालाही मीच सांगेन."
तिने पेन खाली ठेवलं. "खरंच? की तुला गिल्टी वाटतंय म्हणून?"
"मला तू ग्लासगोला जायला हवी आहेस."
हसली. चांगलं हसू नव्हतं. "सी? आता पण तूच सांगतेस. मला काय आवडला होता, तेच मला आता कळत नाही, आई."
"मग मी गप्प बसू?"
"हो. प्लीज."
मंगळवारपर्यंत फोन करता येतो. तिला ते माहीत आहे, अनिलने सांगितलंय. दुपारच्या जेवणानंतर मोबाइल घेऊन वर गेली, दार लावून घेतलं. थोड्या वेळाने बोलण्याचा आवाज यायला लागला. मैत्रीण असेल. किंवा नंदाताई. किंवा...
दोन पायऱ्या चढले होते. मग परत खाली आले आणि ऐकू येऊ नये म्हणून स्वयंपाकघरातला पंखा लावला.