दोन दाण्यांचा फरक

लुईसटाऊन, मोंटाना
१६ फेब्रुवारी

प्रिय क्लेटन,

तुला आणि तुझ्या त्या लंगड्या कुत्रीला माझे आशीर्वाद. तिकडे वायोमिंगात थंडी आमच्याहून कमी नसेल. इथे तीन आठवडे बर्फ हटलेलं नाही. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी वयाच्या मानाने ठीक. मागच्या शरदात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले. मारित चार वर्षं मागे लागली होती, मी टाळत होतो. आता समोरच्या डोंगरावरचं एकेक झाड वेगळं दिसतं.

तुझी टिल्डा मजेत आहे. दर रविवारी मारित तिला आणत आली आहे. आता ती पूर्ण वाक्यं बोलते आणि हरेक गोष्टीला आधी नाही म्हणते, मग करते. पॅनकेकवर सिरप ओतायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

तुझं पार्सल नाताळच्या आधीच पोचलं. उत्तराला दोन महिने लागले, त्याचं कारण याच पत्रात येईल. पितळी वजनं फार सुबक आहेत. तू धान्याच्या दुकानात पोती उचलून कमावतोस, आणि त्यातून माझ्यासाठी असली महागाची पेटी. सोबतची चिठ्ठी मी इतक्यांदा वाचली की घडीवर फाटायला आली. ‘बाबा, माझ्या हातून झालं ते तुमच्या हातून होऊ नये. यंत्राच्या आकड्यावर जाऊ नका. दर दहा काडतुसांनंतर वजन ठेवून काटा तपासत जा.’

तर आधी बारूद तोलून टाकणाऱ्या यंत्राची खबर देतो.

टेबल मी तळघराच्या आतल्या भिंतीला हलवलं. घर तापवणाऱ्या भट्टीच्या झडपेतून येणारी ऊब काट्याला हलवायची, ते थांबलं. पाणसळ लावून टेबलाचे पाय नीट केले. डोक्यावरची ट्यूब काढून साधा दिवा लावला, कारण तिच्या वीजगोंधळाने आकडा नाचायचा. काम सुरू करण्याआधी तासभर यंत्र नुसतं चालू ठेवतो. बारूद भरायची वरची प्लास्टिकची डबी कपडे सुकवताना ड्रायरमध्ये टाकतात त्या सुगंधी कपट्याने पुसली की दाणे तिला चिकटून बसत नाहीत. आणि तू लिहिलेली युक्ती सगळ्यात भारी निघाली. हॅम्बर्गरच्या दुकानातली स्ट्रॉ बोटभर कापून नळीच्या तोंडात बसवली. आता शेवटचे दाणे घोळक्याने पडत नाहीत, एकेक पडतात. तू चेष्टेत म्हणायचास ना, ‘बाबा, हे यंत्र तुमच्यावरच गेलंय, थांब म्हटलं तरी दोन दाणे जास्त टाकल्याशिवाय राहत नाही.’ ती खोड गेली.

मग तुझी वजनं ठेवून पाहिलं. दोनशे मापं टाकली, प्रत्येक माप जुन्या तराजूवर पुन्हा तोललं, वहीत लिहिलं. चाळीस वर्षं मी जमिनी मोजल्या. मोजणीत मी स्वतःला फसवत नाही. सुधारणा करायच्या आधी यंत्र जास्तीत जास्त दोन-तीन दाणे चुकायचं. आता एखाद वेळी एक.

दोन दाण्यांनी काय होतं हे तुला माहीत आहे. हजार यार्डांवर गोळी वीतभर वर किंवा खाली लागते. स्पर्धा हातची जाते. रायफल फुटत नाही.

हे तुझ्याही लक्षात आलं असतं, क्लेटन. पण तू स्वतःलाच दोष देत बसलास, आणि मी तुला बसू दिलं.

त्या जूनमधल्या शनिवारचं तुला काहीच आठवत नाही, असं इस्पितळात डॉक्टर म्हणाले होते आणि तूही म्हणालास. म्हणून तुला जे माहीत आहे ते माझ्याकडूनच कळलेलं. मी सांगितलं की सकाळी तू तुझी काडतुसं भरलीस, मापात कुठेतरी चूक झाली, आणि नेमबाजीच्या मैदानावर त्यातलंच एक फुटलं.

सकाळी तू काडतुसं भरलीस हे खरं. तुझ्या छोट्या हातकाट्यावर, एकेक तोलून, जीभ दातांत धरून. यंत्रावर भरली ती मी, तू बाहेर गाडीत सामान ठेवत असताना. आदल्या दिवशी मी त्याच यंत्रावर पिस्तुलाची काडतुसं भरली होती, आणि ती बारूद वरच्या डबीतून काढली नव्हती; सकाळी तीच रायफलीच्या पुंगळ्यांत गेली. काम संपलं की डबी रिकामी करायची, हा नियम तुला मीच शिकवला होता. रायफलीची बारूद म्हणजे बारीक काड्या, पिस्तुलाची म्हणजे चपट्या टिकल्या. एक सावकाश जळते, दुसरी एकदम. डोळे असलेल्या माणसाला फरक कळतो. बारूद पडते त्या वाटीत मी पाहिलंच नाही, आकडा पाहिला. आकडा बरोबर होता.

आणखी एक लिहितो, कारण आता अर्धवट लिहून उपयोग नाही. पुंगळ्या नेहमीपेक्षा जास्त भरल्या. मला ते जाणवलं. मी टिचकी मारून बारूद खाली बसवली आणि पुढे गेलो. वीस भरली.

मैदानावर तुझा नेम चांगला लागत होता. तुझी संपली तेव्हा मी माझा डबा पुढे केला. तू म्हणालास, ‘राहू द्या बाबा, तुमची तुम्हाला लागतील.’ मी म्हणालो, ‘मारून तर बघ, आज यंत्र एका दाण्यावर आणलंय.’ मला मिरवायचं होतं. तू पहिलंच काडतूस घातलंस.

पुढचं तुला अंगावर माहीत आहे. मी फक्त इतकं सांगतो की तू पडलास तेव्हा मी आधी तुझ्याकडे धावलो, आणि लोक तुला गाडीत घालत असताना तो डबा कोटाच्या खिशात टाकला. त्या क्षणी मला कारण ठाऊक नव्हतं, तरी टाकला. असं का केलं हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपडे बदलायला घरी आलो. तळघरात जाऊन डबीत बोट घातलं. टिकल्या. तसाच उभ्या-उभ्या ती बारूद मागच्या हिरवळीवर उधळली आणि बिलिंग्जला परत निघालो. इस्पितळात तुझ्या खोलीबाहेर मारित बसली होती, पाच महिन्यांची गरोदर. तिने विचारलं, ‘बाबा, कुणाची काडतुसं होती?’

तिने साधं विचारलं, उलटतपासणी नव्हती. मी म्हणालो, ‘त्याचीच.’

एक शब्द. वाटलं, तू शुद्धीवर आलास की नीट सांगू. मग वाटलं, तू थोडा सावरलास की सांगू. मग तू म्हणालास की तुला काही आठवत नाही, आणि मला हायसं वाटलं. हे वाचून तुला जे वाटेल ते वाटू दे. मला खरोखर हायसं वाटलं होतं.

तुझा उजवा डोळा गेला, विजेच्या खांबांवरची नोकरी गेली. मारित तुझ्यावर चिडत राहिली, की बाळ येणार असताना इतका निष्काळजीपणा कसा केलास. तू एकदाही उलट बोलला नाहीस. ऑक्टोबरात टिल्डा झाली आणि नर्सने तिला तुझ्यापुढे धरलं. तू हात मागे घेतलेस. म्हणालास, ‘नको. माझ्या हातांचा भरवसा नाही.’ मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो, क्लेटन. तुझ्यापासून चार फुटांवर. तेव्हाही बोललो नाही. वसंतात तू बॅग भरून निघालास तेव्हा तुला बसपर्यंत सोडायलाही मीच आलो. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालास, ‘बाबा, तुम्ही मला कधी एक शब्द बोलला नाहीत, हे मी विसरणार नाही.’

यंत्रामागे मी तीन हिवाळे लागलो ते नेमबाजीसाठी नाही. त्या शनिवारनंतर मी एकही गोळी झाडलेली नाही. मला यंत्राचा दोष सापडायला हवा होता. उरलेली एकोणीस काडतुसं मी केव्हाच उघडून पाहिली होती, सगळ्यांत टिकल्याच होत्या. तरी मनाशी म्हणायचो, यंत्रानेही माप जास्त टाकलं असेल, थोडं त्याचं, थोडं माझं. वारा बंद केला, दिवा बदलला, स्ट्रॉ लावली. जितकं सुधारत गेलो तितकं ते निर्दोष ठरत गेलं. आणि मग तुझी वजनं आली. ज्याने तुझा डोळा घेतला त्याला काही इजा होऊ नये म्हणून तू ती पाठवली होतीस.

मागच्या रविवारी मारितला सांगितलं. एका काडतुसातल्या टिकल्या मी ॲस्पिरिनच्या बाटलीत ठेवल्या होत्या, ती टेबलावर ठेवली. टिल्डा खाली ठोकळे रचत होती. मारितने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, ‘मी त्याला काय-काय बोलले, तुम्हाला माहीत आहे?’ मी म्हणालो, माहीत आहे. ‘तुम्ही तिथेच बसलेले असायचात.’ मी म्हणालो, हो.

तिने टिल्डाचा कोट घातला. दारात थांबून म्हणाली, ‘त्याला फोन करू नका. फोनवर तुम्ही मधेच ठेवून द्याल. लिहा. सगळं लिहा.’ या रविवारी ती आली नाही. यापुढे येईल असं वाटत नाही, आणि तिने यावं असं मागण्याचा मला हक्क नाही.

गुरुवारी क्लबात गेलो. तिथे दर वसंतात नव्या लोकांना सुरक्षेचे नियम सांगताना सेक्रेटरी तुझं उदाहरण देतो. मी दोन वर्षं मागच्या रांगेत बसून ते ऐकत आलो. परवा उभा राहिलो आणि कुणाचं नाव घ्यायचं ते सांगितलं. हॅलव्हर, ज्याच्याशी माझी तीस वर्षांची दोस्ती, त्याने कॉफीचा कप खाली ठेवला आणि निघून गेला. सोबत एक कागद जोडला आहे. त्यात हेच सगळं आहे, खाली माझी सही आणि दोन साक्षीदारांची. तू तो कुणाला दाखवावास की जाळावास, तुझी मर्जी.

माफी मागणार नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू देऊन टाकशील, आणि ती मला घेववणार नाही.

एकच सांगायचं आहे. मारितने मला तुझ्यासाठी काही निरोप दिलेला नाही. पण काल पोस्टात भेटली तेव्हा माझ्याकडे न बघता तुझा पत्ता मागून घेतला. ती लिहील की स्वतः येईल, मला ठाऊक नाही. आली तर टिल्डा तिच्यासोबत असेल. ती पोर आधी नाही म्हणेल. तू हात पुढे कर. त्या सकाळी तू भरलेलं एकेक काडतूस बरोबर होतं, सगळी निशाण्यावर लागली. ते पाहणारा आता मी एकटाच आहे.

तुझ्या हातांत काहीही खोट नव्हती, हे शुद्धीवर राहून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहून देणारा,

गुन्नार लुंडे