रफूवालीच्या सतरा सेकंदांविषयी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय सेहेचाळीस, व्यवसाय शिकवण्याचा आणि माणसं एकमेकांशी कशी बोलतात याचा अभ्यास करण्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. येत्या सोमवारी माझ्या पोटावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. तसं म्हणण्याआधी ते क्षणभर थांबले. त्या थांबण्याचा अर्थ मी लावणार नाही. का, ते पुढे कळेल. मी शुद्धीवर आहे असंही इथे लिहायची रीत आहे. आज आहे. मागच्या नऊ वर्षांबद्दल मला खात्री देता येत नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं राहतं घर माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. ते धाकट्या बहिणीला द्यावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे फिरवून जरा वर उचलला तरच बंद होतो. हे मी तिला वीसदा सांगितलं आहे आणि ती वीसदा "हो गं बाई" म्हणाली आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते भाचीच्या शिक्षणासाठी. त्यावरून भांडण व्हावं इतकं ते नाही.

कलम ३. भिंतीवरचं घड्याळ माझ्या पूर्वीच्या यजमानांना. घर सोडताना ते म्हणाले होते, "तू माझं ऐकत नाहीस, टिपून घेतेस." मी ते वाक्य त्याच दिवशी वहीत टिपून घेतलं. आज त्या पानाची लाज वाटते. घड्याळ दोन मिनिटं मागे पडतं, एवढं त्यांना सांगावं.

कलम ४. माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांवर माझा जुना राग आहे. तो त्यांच्या नावे करावा असं मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. सर म्हणायचे, "अगं, बोललेलं तर कोणीही उतरवून घेतं. न बोललेलं वाचायला शीक, खरं पीक तिथे आहे." मी ते ब्रीद करून बसले. परंतु सर 'वाच' म्हणाले होते, 'रच' म्हणाले नव्हते. तेव्हा राग परत घेते. सरांना माझा शब्दकोश द्यावा.

कलम ५. बाकीची पुस्तकं विभागाच्या ग्रंथालयाला द्यावीत. माझ्या स्वतःच्या पुस्तकाच्या अकरा प्रती कपाटाच्या खालच्या खणात आहेत. त्या कोणालाही देण्याआधी प्रत्येकीच्या एकशे त्रेचाळिसाव्या पानावर या मृत्युपत्रातली कलम ६ ते ८ चिकटवावीत. ग्रंथालयातल्या प्रतींवरही. नुसती घडी करून आत ठेवू नयेत. घड्या गळून पडतात.

कलम ६. रेकॉर्डर, हेडफोन आणि सगळी ध्वनिमुद्रणं इस्पितळाच्या धुलाईघरातल्या रफूवाल्या मावशींना द्यावीत. यंत्रं त्यांच्या काही कामाची नाहीत. आवाज त्यांचा आहे, म्हणून.

हे कलम समजायला दहा वर्षं मागे जावं लागेल. 'कामाच्या जागी बायकांचं मौन' हा माझा विषय होता. त्यासाठी मी त्या धुलाईघरात सात महिने बसले. मी खोलीत असले की बायका माझ्याशी बोलायच्या, उठून गेले की आपापसात. म्हणून त्यांना सांगून, रेकॉर्डर चालू ठेवून मी बाहेर जाई. पहिल्याच दिवशी मावशी त्या यंत्राकडे बघून म्हणाल्या होत्या, "बाई, याला सगळं ऐकू येतं, पण दिसत नाही ना काही? मग अर्धंच समजणार त्याला." मी हसले होते. वहीत लिहिलंही होतं, 'गमतीदार निरीक्षण' असं.

धुलाईघरात तेव्हा एक सोय होती. जेवणाच्या सुट्टीत मोठे ड्रायर रिकामे असत, आणि बायका घरून आणलेले ओले कपडे त्यात वाळवून घेत. मुकादम काणाडोळा करी. एके दिवशी हे वर ऑफिसात कळलं. सुट्टीत ड्रायरना कुलूप लागलं, दोन बायकांची बदली मळके कपडे वेगळे करायच्या तळघरात झाली, आणि मुकादमाला बोलणी बसली. तो रफूच्या खोलीच्या दारातून विचारून गेला, "काय गं, वर तूच बोललीस ना?"

टंकलेखकाने उतरवलेल्या कागदावर त्यापुढे एवढंच आहे: 'शांतता, सतरा सेकंद. नंतर किरकोळ आवाज, अस्पष्ट.'

या सतरा सेकंदांवर मी बावीस पानं लिहिली. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर मी म्हणते: 'मुकादम दारात उभा आहे, वाट पाहतो आहे. अबोली मान खाली घालते. हे मौन नकाराचं नाही; सत्तेपुढे दिलेली ही निःशब्द कबुली आहे.' दारात कोण उभं होतं हे मी पाहिलेलं नाही. मान खाली होती की वर, मला माहीत नाही. मी तेव्हा खाली चहा पीत होते. आणि 'अबोली' हे नाव मी दिलेलं. जिच्या जिभेला अख्खं धुलाईघर टरकून असे, तिला.

पद्धतीच्या प्रकरणात मी असंही लिहिलं आहे की 'प्रत्येक उतारा संबंधित व्यक्तीला वाचून दाखवला व तिची संमती घेतली.' हे खोटं आहे. एकीलाही वाचून दाखवलं नाही. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत आले. वेळ होता. त्या म्हणतील, 'असं नव्हतं हो बाई,' आणि बावीस पानं जातील, ही भीती होती.

ते प्रकरण रविवारच्या पुरवणीत छापून आलं. इस्त्रीवालीच्या मुलीने ते जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. नाव बदललं म्हणून माणूस थोडाच लपतो? 'खिडकीशी बसणारी रफूवाली' त्या धुलाईघरात एकच होती. त्या दिवसापासून बायका फाटक्या चादरी मावशींच्या खुर्चीवर ठेवून निघून जाऊ लागल्या. डबा त्या एकट्या खाऊ लागल्या. पुढे पुढे त्यांनीच बोलणं टाकलं. जे मी लिहिलं तेव्हा खोटं होतं, ते छापल्यावर खरं झालं. आमच्या शास्त्रात यावर पुष्कळ चर्चा आहे: अभ्यासक जगाचं वर्णन करतो की ते घडवतो? मी या प्रश्नावर तास घेते. मुलं टिपणं काढतात.

दोन महिन्यांपूर्वी आजाराचं निदान झालं. सामान आवरताना मी ते ध्वनिमुद्रण पहिल्यांदा स्वतः, हेडफोन लावून, सबंध ऐकलं. हो, पहिल्यांदा. सतरा सेकंद पूर्ण शांत नाहीत. मागे यंत्रांची घरघर आहे. मग पत्र्यावर काहीतरी पडतं, टक्. पुन्हा टक्. अकरा वेळा. आणि मग, टंकलेखकाने 'अस्पष्ट' म्हणून सोडून दिलेला मावशींचा आवाज, चांगला खणखणीत: "अरे, थांबला असतास तर! तोंडात टाचण्या घेऊन बोलू का गिळू?"

चादरीची किनार दुमडताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून टाचण्या दातांत धरतात. मी सात महिने रोज ते पाहिलं होतं.

कलम ७. हे कलम लिहिताना मी चार कागद फाडले आहेत.

ड्रायरची गोष्ट वर कोणी सांगितली? पुस्तकात मी हा प्रश्न 'विश्लेषणाच्या दृष्टीने गौण' ठरवला होता. टाचण्या ऐकल्यावर बाकीची ध्वनिमुद्रणंही ऐकायला बसले. त्यात धुलाईघराच्या मोठ्या साहेबांची मुलाखत होती, मुकादमाच्या प्रश्नाच्या दहा दिवस आधीची. तिच्या टंकलिखित कागदावर साहेबांचं एक उत्तर आहे: "असं? मला कल्पना नव्हती. बरं झालं सांगितलंत." दहा वर्षं ते वाक्य माझ्याकडे आहे. आपण त्यांना काय सांगितलं होतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. कारण टंकलेखकाला माझीच सूचना होती: प्रश्न गाळावेत, फक्त उत्तरं उतरवावीत.

ध्वनिमुद्रणात प्रश्न आहेत. त्यात मी हसते आहे. साहेब खुलून बोलत नव्हते, त्यांना खूश करावं म्हणून मी म्हणते, "तुमच्याकडे किती घरपण आहे हो! सुट्टीत बायका घरचे कपडेसुद्धा इथल्या ड्रायरमध्ये वाळवून घेतात."

वर ऑफिसात बोलले ती मी.

कलम ८. मागच्या महिन्यात मी मावशींच्या घरी गेले. आता त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत आणि या महिनाअखेरीला निवृत्त होतात. रेकॉर्डर टेबलावर ठेवून मी त्यांना टाचण्या ऐकवल्या. त्यांनी दोनदा ऐकलं.

"हा माझा टाचण्यांचा डबा," त्या म्हणाल्या. "झाकण हरवलं त्याचं." मग माझ्याकडे बघून, "म्हणजे नऊ वर्षं माझ्या गप्प बसण्यावर तू जेवलीस?"

मी माफी मागितली.

"माफीचं नंतर बघू. मला काय एकटीला पटवतेस? मला माहीतच होतं मी वर काही बोलले नव्हते. तिथे येऊन वाच, सगळ्यांसमोर. मी तिथे आहे तोवर. नंतर वाचलंस तर भिंती ऐकतील."

"येते," मी म्हणाले.

त्या चहाचं आधण ठेवायला उठल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "पण मग वर सांगितलं तरी कोणी गं?"

मी गप्प बसले. माझ्या तोंडात टाचण्या नव्हत्या.

त्यानंतर मी दोनदा धुलाईघराच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले आहे. दुसऱ्यांदा तर रखवालदाराने नमस्कार केला, मी त्याला वेळ विचारली आणि वळले.

कलम ९. ~~माझ्या पश्चात माझ्या बहिणीने कलम ६ ते ८ धुलाईघरात जाऊन, जेवणाच्या सुट्टीत, सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावीत.~~

हे कलम मी स्वतः खोडलं आहे. बाजूला सही केली आहे. मसुदा बहिणीला फोनवर वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "वा! चुका तू करायच्या आणि ओरडा मी खायचा? आणि तूही नसशील तेव्हा. फार सोयीचं आहे गं ताई." ती बरोबर बोलली. एका बाईच्या वतीने मी नऊ वर्षं बोलले, तेवढं पुरे झालं.

कलम १०. माझ्या रोजनिशीच्या वह्या जाळू नयेत. त्यांत मी स्वतःला वेळोवेळी प्रामाणिक म्हटलं आहे. तो पुरावा राहू द्यावा.

सही करण्यापूर्वीची नोंद. आज शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, रफूच्या खोलीत मी कलम ६ ते ८ वाचली. खोलीत आणि दारात मिळून चौदाजणी होत्या, आणि मुकादम. 'मुकादम दारात उभा आहे' या ओळीशी तो म्हणाला, "मी कुठला उभा राहतोय? विचारलं आणि खाली पळालो, बॉयलर होता ना." ते खरं आहे, म्हणून इथे घेतलं. कलम ७ वाचताना मी दोनदा थांबले. कोणी पाणी दिलं नाही, आणि मी मागितलंही नाही.

साक्षीदार म्हणून मावशी सही करायला पुढे झाल्या. ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्ष करू नये, असं मी सांगितलं.

"मला काय मिळतंय?"

"तुमचा आवाज."

"माझाच मला? मोठी दानशूर आहेस," त्या म्हणाल्या, आणि पेन इस्त्रीवालीकडे दिलं. तिची जाऊ त्या तळघरात बदली झालेल्या दोघींपैकी एक आहे.

ही देवाणघेवाण होण्याआधी, वाचून संपल्यावर, खोली शांत झाली होती. ती शांतता किती सेकंदांची होती ते मी मोजलेलं नाही. ती मोडली इस्त्रीवालीने. ती मावशींकडे जाऊन काही बोलली, आणि मावशींनी तिला उत्तर दिलं. हे इथे लिहू का, असं मी मावशींना विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या.

म्हणून लिहिलेलं नाही.

मृत्युपत्र करणारी: (सही)

आमच्यासमोर तिने सही केली, तिच्यासमोर आम्ही केली:
साक्षीदार पहिला: मुकादम (सही)
साक्षीदार दुसरी: इस्त्रीवाली (सही)

स्थळ: धुलाईघर, रफूची खोली, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: अकरा, शुक्रवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटे