चावून पाठवलेली कॉफी

हंबेला, इथिओपिया, ९ जानेवारी २००२

चि. लोको हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं बेरूतहून आलेलं पत्र पोचलं. मालकीणबाई घरकामाच्या आणखी दोन वर्षांच्या कागदावर सही मागताहेत आणि मार्चअखेर उत्तर द्यायचंय, हे वाचलं. आई एकटी तर नाही ना, असं विचारलंस. वेडी आहेस! आपल्या घरी कॉफी भाजली की माणसांना हाका माराव्या लागतात का? शेजारची बोन्तू आणि तिच्या दोघी सुना रोज येतात, तिन्ही वेळची कॉफी पितात आणि वर माझ्याच लोण्याला नावं ठेवतात. तेव्हा माझ्यासाठी म्हणून परत येऊ नकोस. सही कर.

यंदा खालच्या झाडांची कॉफीची फळं केंद्रावर घातली, तिथं साल काढून धुतात. तुझ्या वडिलांनी ओढ्यावर लावलेल्या झाडांची मात्र सालासकट माचावर वाळवली. एकवीस दिवस हातानं उलथीपालथी केली, दुपारी उन्हापासून आणि रात्री दवापासून झाकली. आता मूठ हलवली की खुळखुळ वाजतात. गालगालोची लेक तिकडेच कामाला निघालीय, तिच्याबरोबर दोन ओंजळी पाठवते. लोण्यात तळून खा. तापल्या लोण्यात फुटू नयेत म्हणून आम्ही सगळ्याजणींनी मिळून टोकं चावून ठेवलीत. दर रविवारी तुझ्या मैत्रिणी येतात ना, त्यांनाही दे. गालगालोच्या लेकीला फार प्रश्न विचारत बसू नकोस, ती बडबडी आहे.

लोभ असू दे, आणि केसांना लोणी लावत जा.

तुझी आई, तुमे

बेरूत, १७ फेब्रुवारी २००२

ती. आईस लोकोचा सा. न. वि. वि.

पुडी मिळाली. सोडली तेव्हा आधी मधाच्या दारूचा वास आला आणि मागून झाडाखाली पडलेल्या पिकल्या फळांचा. बाबा ओढ्यावरून आले की त्यांच्या शालीला यायचा तोच. इथल्या कॉफीत वेलची घालतात. चांगली लागते, पण ती कुठली आहे ते कळत नाही.

बाई बाहेर गेल्यावर खिडकी उघडून लोणी तापत ठेवलं आणि फळं ताटात पसरली. मग गॅस बंद केला. आई, बोन्तूमावशीचे दात उंदरासारखे बारीक, आपण तिला किती चिडवायचो. तुझे पुढचे दोन मी निघायच्या आधीच पडले होते, म्हणून तू डाव्या दाढेनं चावतेस आणि फळ तिरकं चेपतं. मी एकेक फळ उचलून पाहिलं. सगळी तिरकी. दोन ओंजळी फळं तू एकटीनं चावलीस.

मग बडबडीला विचारलंच. बोन्तूमावशी गेल्या पावसाळ्यातच वारली, सुना शाकिसोला सोन्याच्या खाणीकडे राहायला गेल्या, असं ती म्हणाली. मला आधी राग आला आणि नंतर खूप रडू आलं.

पण रागावू कोणत्या तोंडानं? रविवारच्या मैत्रिणी मीच रचल्या होत्या. इथं कुणी येत नाही, आई. बाई झोपली की मी ओट्यापाशी उभ्यानं पिते, तीही एकच कप. सही अजून केलेली नाही. एकदा तरी खरं काय ते लिही.

तुझा माझ्यावर लोभ आहेच, म्हणूनच विचारते.

तुझी लोको

हंबेला, ८ मार्च २००२

चि. लोकोस आशीर्वाद.

या दाढेनं माझा घात केला. हीही पडली असती तर बरं झालं असतं.

खरं विचारलंस म्हणून लिहिते. बोन्तू गेल्यापासून मी दोन कप मांडते. तिचा निवून जातो, मग तोही मीच पिते. आपल्यात कॉफीला सोबत मिळो असा आशीर्वाद देतात, तो मी तुला दर पत्रात लिहायचं टाळत होते, कारण लिहिताना हात थांबायचा. मला फार एकटं वाटतं गं. म्हाताऱ्या बाईनं लेकीला असं लिहू नये, पण वाटतं.

सही करू नकोस.

ओढ्यावरची आणखी एक ओंजळ मडक्यात झाकून ठेवलीय. तिला मी दात लावलेला नाही. ती आपण दोघींनी बसून चावायची.

आता लोभ पत्रातून पाठवू नकोस, बरोबर घेऊन ये.

तुझी आई