पिंडापाशी दिलेला शब्द

बाबा, गेले काही दिवस मी दुपारी घरीच असते. शाळेत रजा टाकली आहे. गोळी घेतली की थोड्या वेळाने अंग कापसाचं होतं, आणि मग मी खिडकीपाशी पडून राहते, धड झोपेत नाही आणि धड जागीही नाही. त्या अवस्थेत तुम्ही येता. लालबागला मसाला कुटायच्या डंखावरून, कामावरून परतल्यावर दारात उभे राहून खांद्यावरचा पंचा झटकायचात, तसा झटकता, आणि खोलीभर भाजलेल्या धण्यांचा वास सुटतो. मी डोळे उघडते तेव्हा शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी फोडणी दिलेली असते, बाकी काही नाही. इथे परळला आता इमारतींना उंची आलीय आणि माणसांना घाई, पण फोडण्या त्याच आहेत. मी पुन्हा डोळे मिटते. म्हटलं, येताच आहात तर एकदा सगळं लिहूनच टाकावं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, गर्भपिशवी काढू या. माझ्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पिशवीच्या आत असायचं ते अस्तर पिशवीबाहेर, नको तिथे रुजतं आणि महिन्याच्या महिन्याला तिथे सुजतं, चिकटतं. दुर्बिणीतून दोनदा साफ करून झालं. गोळ्या, इंजेक्शनं, सगळं झालं. बाई चांगल्या आहेत, उगाच गोड बोलत नाहीत. म्हणाल्या, "पिशवी काढली की पाळी थांबेल, त्रास बराच कमी होईल असं मला वाटतं. बाकी चिकटलेलंही निघेल तेवढं काढेन. पण पूर्ण जाईलच अशी हमी नाही देणार. बीजकोश शक्यतो ठेवू. आणि हो, मूल हवंय का, हे मात्र आता नीट ठरवून या. नंतर मला विचारू नका." मी मान डोलावली. बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू ठरव ना यार, मी आहे." मी म्हटलं, "आहेस म्हणजे काय? तुझी काढू का?" बिचारा टॅक्सीला हात करू लागला. त्याचं काही चुकलेलं नव्हतं. पण जे ठरवायचं होतं त्यात तो नव्हताच, तुम्ही होतात, आणि हे त्याला कसं सांगणार?

आई गेली तेव्हा मी आठवीत होते. पुढच्याच वर्षी दुखणं सुरू झालं. ओटीपोटात कुणीतरी ओला टॉवेल पिळत बसल्यासारखं. चाळीतल्या बायका म्हणायच्या, सगळ्यांनाच दुखतं, लग्न झालं की थांबेल. तुम्ही मात्र संध्याकाळी लवकर घरी आलात आणि स्टोव्हवर कढई ठेवून खडं मीठ भाजायला घेतलंत. मसाले भाजणारा तुमचा हात, मीठही तसंच एका लयीत हलवत होता. त्यात मूठभर ओवा टाकलात, फडक्यात बांधलंत, आणि माझ्याकडे न बघता ती पुरचुंडी माझ्या चटईपाशी सरकवलीत. "दुखता?" एवढंच विचारलंत. मी हो म्हटलं. त्यानंतर महिन्यातला तो दिवस तुमच्या बरोबर लक्षात असायचा, माझ्या आधी.

गावाहून आत्या आली होती तेव्हा तिने तुम्हाला बजावलं की त्या दिवसांत पोरीने देवापाशी जायचं नाही, कशाला शिवायचं नाही, वेगळं बसायचं. आपली खोली केवढी, त्यात वेगळं बसणार कुठे! तुम्ही ऐकून घेतलंत. आत्या गाडीत बसली, आणि पुढच्या महिन्यात मी आपली कोपऱ्यात जाऊन बसले तर तुम्हीही अंघोळ करून देवाला दिवा न लावताच कामावर निघालात. मी विचारलं, "दिवा?" "ऱ्हवांदे," म्हणालात. "तू नाय तर मीपण नाय." ते चार दिवस आपले देव अंधारात बसले, आणि त्यांनी आपलं काही वाकडं केलं नाही.

एकदाच ओरडलात. मी कळवळत म्हणाले होते, मुलीच्या जन्माला घातलंत कशाला मला? तुम्ही हातातलं ताट ठेवलंत. "तोंड सांभाळ. आवशीन तुका नवस करून मागून घेतल्यान." आणि गॅलरीत जाऊन उभे राहिलात. जेवलाच नाहीत. मला आता कळतं की तुम्हाला राग माझा नव्हता आला. तेव्हा मात्र मी भिंतीकडे तोंड करून तासभर रडले.

आता बाणगंगेचं. हे तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल, तुम्ही त्या वेळी कुठे होतात कोण जाणे. माझ्या लग्नानंतर दोनच वर्षांनी तुम्ही गेलात. दहाव्याला आम्ही पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. खरं तर मुंबईतले कावळे ते, त्या दिवशी तिथे आणखी तीन-चार कुटुंबं होती, सगळ्यांचे पिंड खाऊन त्यांची पोटं टम्म झालेली. पण तसं म्हणायची सोय नसते. माणूस अडकलाय, त्याची काही इच्छा राहिलीय, असंच सगळे म्हणू लागले. चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, गावचं घर विकणार नाही. कावळा ढिम्म. नवरा म्हणाला, हिला मी नीट सांभाळेन. कावळ्याने त्याच्याकडे पाठ केली. मला त्याही स्थितीत हसू आलं. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी घड्याळ बघू लागले. मग आत्या पुढे झाली, पदर डोक्यावर ओढला आणि मोठ्याने म्हणाली, "दादा, तू चेडवाच्याच पोटाक ये. आमी वाट बघतंव." नेमकी त्याच क्षणी मी पर्समधून नाक्यावरच्या बेकरीतला, चहात बुडवून खायचा कडक बटर काढून पानाच्या कडेला ठेवत होते, कारण गोडाधोडापेक्षा तुम्हाला तोच आवडायचा. आणि कावळा आला. भातात चोच मारली, बटर उचलला आणि उडाला. आत्या हुंदके देत माझ्या गळ्यात पडली. शब्द तिने दिला होता, पण पोट माझं होतं.

नवरा आजही म्हणतो, तो बटरसाठी आला. असेलही. पण बाबा, शिकलेली बाई असून मी सांगते, त्या दिवसापासून मी तुमची वाट बघू लागले. इतर बायका मुलाची वाट बघतात. मी दर महिन्याला डोळ्यांपुढे आणायची ते बाळ तुमच्यासारखं रुंद कपाळाचं, भुवयांमध्ये एक आठी घेऊनच आलेलं. उपचार झाले, तारखा पाळल्या, उपास केले, उपास सोडले. दर महिन्याला दुखणं यायचं, आणि दुखणं आलं म्हणजे तुम्ही आला नाहीत. पुढे पुढे तर दोन्हीत फरकच राहिला नाही. लोक म्हणायचे, दत्तक घ्या. मी हो हो म्हणायची. दत्तक घेतलेल्या मुलात तुम्ही कसे आला असता? आणि पिशवीच काढून टाकली तर मग कुठून येणार होतात? हा एवढा बावळट प्रश्न घेऊन मी त्या शहाण्या डॉक्टरीणबाईंसमोर बसत होते, आणि त्यांना वाटत होतं मला ऑपरेशनची भीती वाटते.

ठरलं ते हिंदमाताला. शाळेतल्या एका मुलीच्या आईने, आमच्याच सहकारी आहेत त्या, घराच्या वास्तुशांतीला बोलावलं होतं म्हणून साडी घ्यायला गेले. दुकानदार थप्पी उलगडत होता. त्याने मोत्याच्या रंगाची एक समोर टाकली, आणि मी पाहण्याआधीच म्हणाले, "नको, गडद दाखवा." तो म्हणाला, "ताई, ही तुम्हाला एकदम मस्त दिसेल. अंगावर तरी टाकून बघा." मी आरशात पाहिलं. मग लक्षात आलं की माझ्या कपाटात फक्त मरून, काळ्या, जांभळ्या आणि बाटलीच्या हिरव्या रंगाच्या साड्या आहेत. डाग दिसू नयेत म्हणून. लग्नातल्या शालूनंतर मी हलक्या रंगाची एकही साडी घेतलेली नाही, आणि आजवर मला वाटत होतं की मला गडद रंग आवडतात. मी तिथल्या गादीवर बसूनच राहिले. दुकानदाराने पाणी आणून दिलं. मी ती साडी घेतली, घरी आले आणि डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, काढा.

मग आत्याला फोन. शब्द तिचा होता, मोडणार मी, सांगणं भाग होतं. ती आता फार थकलीय, फोन कानापासून लांब धरते आणि ओरडून बोलते. मी म्हटलं, "आत्या, मी पिशवी काढून घेतेय." ती लगेच म्हणाली, "काढ गो बाय. किती वर्षां सोसलंस!" मी म्हटलं, "आणि बाबा? तू शब्द दिला होतास." तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती हळूच म्हणाली, "तो इलो गो. केव्हाच इलो."

"कुठे?"

"आमच्याच घराक. माज्या नातवाचा चेडू. उशी घेणा नाय, हात डोक्याखाली घेऊन निजता, तुज्या बापाशीसारख्या. दादाच्या जुन्या लुंग्यांची दुपटी शिवन ठेवललंय तुज्यासाठी. ता रडत होता, ऱ्हवता ऱ्हवना. एक दुपटा घातलंय, तसा गप झाला. तेव्हाच आमी समाजलंव. तुका सांगूक धीर झालो नाय. तुजा औषध चालू होता, तुका वायट वाटात म्हणान."

म्हणजे साऱ्या घराला ठाऊक होतं. माझं इंजेक्शनांचं चाललं होतं तेव्हा तुम्ही तिकडे अंगणात रांगत होतात. आता बालवाडीत जाता म्हणे, आणि मधल्या सुट्टीत पळून घरी येता. आत्याने फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही श्वास घेतलात, जोरात, आणि फोन बंद केलात. मुलगी झालात, बाबा. आता कळेल. नको, असं नाही म्हणत. तुम्हाला कधीही, कुठेही न दुखो. आणि दुखलंच तर कुणाचं न ऐकता मला बोलावून घ्या.

ऑपरेशन येत्या आठवड्यात आहे. पाटीवरची अक्षरं अजून तुमची तुम्हाला लागत नाहीत, आणि आत्याच्या घरी हे दुसऱ्या कुणी वाचलं तर गावभर होईल, तेव्हा पत्र पाठवत नाही. शिवाय यात एक गोष्ट आहे, जी एवढ्याशा पोरीला वाचून दाखवण्यासारखी नाही. फोन ठेवल्यावर मी खूप रडले. नवरा धावत आला, त्याला म्हटलं, डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून रडतेय. खोटं सांगितलं. तुम्ही माझी वाट बघितली नाहीत, म्हणून रडत होते.